आपल्याच उसातल्या बिबट्याचा अभ्यास आपल्याला मराठीत कोण सांगणार?

कुकडीकाठ:
परवा रात्री पाऊण वाजता लाइट आली. या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाइनला, रात्रीची पाळी, त्यामुळं थंडी असो की काही असो जावंच लागतं. मी आणि चुलतभाऊ दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला गेलो, त्याने मोबाइलवर भजन मोठ्याने लावलेलं, आणि सहज बॅटरी फिरवली तर पाटाच्या पलीकडं बांधावर दोन डोळे. हलेनात. आम्ही जागेवर उभे राहिलो, वाकलो नाही, पळालो नाही, मोठमोठ्याने बोलत राहिलो. अर्धा मिनिट झालं असेल, मग तो उठला आणि खोडव्यात शिरला, एवढं वाळलेलं पाचट पण आवाज म्हणून आला नाही. घरी आल्यावर हाताला चहाचा कप धरवेना.

हे सांगायचं कारण असं की पळायचं नाही, खाली बसायचं नाही हे आम्हाला पुतणीने सांगून ठेवलेलं होतं. ती प्राणिशास्त्र शिकते, दिवाळीत आली तेव्हा बिबट्यावरचे तीन-चार शोधनिबंध घेऊन आली आणि ओसरीवर बसून आम्हाला अर्थ सांगत वाचून दाखवले. सगळे इंग्रजीत, आणि सगळे आपल्याच रानातले. जुन्नर वनविभाग, नगर जिल्ह्यातलं अकोले, माळशेज. पन्नाशीला आलो मी, सगळा जन्म उसात गेला, आणि माझ्या बांधावर काय सापडलं ते मला एवढ्या वर्षांनी पुतणीकडनं कळतंय याचं मनापासून वाईट वाटलं. म्हणून हा धागा काढलाय. मला समजलं तसं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा.

अकोल्याचा अभ्यास वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ मध्ये छापून आला. त्यांनी जंगलात नाही, शेतात कॅमेरे लावले, जिथं दर चौरस किलोमीटरला साडेतीनशेच्या वर माणसं राहतात. तिथं शंभर चौरस किलोमीटरला साधारण ५ बिबटे निघाले आणि तेवढेच तरस. तरस पण! आणि त्या भागात त्या काळात बिबट्याने माणूस मारलेला नव्हता. म्हणजे 'जंगल संपलं म्हणून गावात घुसला' हे आपण जे कायम म्हणतो ते तेवढं खरं नाही, यातले कितीतरी उसातच जन्मलेत, उसातच वाढलेत, त्यांना दुसरं घरच माहीत नाही.

दुसरा अभ्यास तो खातो काय याचा, तोही अकोल्यातलाच. विष्ठा गोळा करून त्यातले केस तपासले. पोटात जे जातं त्यातलं वजनाने ८७ टक्के पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचं, आणि त्यात एक नंबर कुत्री, ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. कारण साधं आहे, शेळी रात्री आत बांधलेली असते आणि कुत्रं मोकळं फिरतं. आता गावाच्या कडेला कोंबडीवाल्यांचं टाकलेलं, लग्नातलं उरलेलं, त्यावर कुत्र्यांची झुंड, आणि झुंडीच्या मागं कोण येणार हे वेगळं सांगायला नको.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो पण आत्ता मोटर बंद करायला जायचंय. नंतर लिहितो.

गोठाघर:
दादा चांगलं लिहिलंय पण राग मानू नका, माझ्या दोन शेळ्या आणि एक कालवड गेली गेल्या वर्षात. ३९ टक्के कुत्री वाचून मी काय करू. शेजारच्या वस्तीवर तर संध्याकाळी सातच्या आत पोरं घरात कोंडतात, शाळेत सोडायला आणायला माणूस लागतो म्हणजे एका माणसाची रोजची मजुरी बुडाली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला पाठोपाठ माणसं गेली, त्यात लहान लेकरं. ज्याच्या घरातलं गेलं त्याला सहजीवन हा शब्द ऐकवून बघा एकदा. आमची मागणी एकच, पिंजरे लावा आणि उचलून न्या.

कुकडीकाठ:
राग कशाला मानू, पिंपरखेडची बातमी आली त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही. तिथला बिबट्या शेवटी नेमबाज बोलावून मारला आणि ते करायलाच पाहिजे होतं, माणसावर सवकलेला आहे हे पक्कं झालं की वाट बघत बसू नये असंच माझं मत आहे. कायद्यातही तशी परवानगी देता येते.

पण 'उचलून न्या' याबद्दलच तो तिसरा अभ्यास आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात हेच झालं होतं. लोकांच्या दबावामुळं बिबटे धडाधड धरले, त्यातले कितीतरी सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडले, कारण तेव्हा सगळ्यांना वाटायचं की जंगलात सोडला म्हणजे काम झालं. मग आकडे तपासले. आधीच्या वर्षांत, १९९३ पासून, वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसावर. सोडायला लागल्यावर सरासरी १७. आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण पण वाढलं. हा निबंध २०११ चा.

असं का झालं असेल त्याचं मला पटलेलं उत्तर असं, की जो बिबट्या आपल्या रानात राहतो त्याला कुठल्या वस्तीवर कधी बॅटऱ्या फिरतात, कुठं कुत्री, कुठं माणसं, सगळं ठाऊक असतं. त्याला पिंजऱ्यात दात तोडून घेईपर्यंत आपटू दिला, गर्दीने वेढला, गाडीत घालून अनोळखी ठिकाणी सोडला की तो बिथरतो, परतीच्या वाटेला लागतो, आणि त्या वाटेवर लागतात ती दुसऱ्याची गावं. इकडं त्याची जागा मोकळी झाली की दुसरा तरणा नर येणार, त्याला इथलं काहीच माहीत नाही. म्हणजे दोन्हीकडं अनोळखी जनावर, अनोळखी माणसं.

आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट तर ऐकलीच असेल. २००९ च्या मे महिन्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला नर, वयस्क आणि शांत म्हणून आजोबा नाव पडलं. जीपीएस कॉलर, म्हणजे ठावठिकाणा सांगणारा पट्टा, गळ्यात घालून माळशेजला सोडला, तर २९ दिवसांत १२० किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या जंगलाशी पोचला. मुंबई-आग्रा हायवे, कसाऱ्याची रेल्वेलाइन, सगळं ओलांडलं. वाटेत एका माणसाला हात लावला नाही. २०११ च्या डिसेंबरात हायवेवर गाडीखाली गेला बिचारा.

ठाणेकरीण:
मुंबईच्या जंगलाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेला राहते. २००२ ते २००४ चा काळ मला चांगला आठवतो, पेपर उघडला की बिबट्याचा हल्ला, आईने आम्हाला गच्चीवर पण जाऊ दिलं नव्हतं. तेव्हा बाहेरून धरलेले बिबटे पार्कात सोडले जायचे हे आम्हाला फार नंतर कळलं. मग २०११ ला वनखातं, अभ्यासक आणि साधे मुंबईकर असे एकत्र येऊन काम सुरू झालं, तेव्हा सुनील लिमये पार्कचे प्रमुख होते. त्यांनी पिंजरे वाढवले नाहीत. कचरा उचलायला महापालिकेच्या मागं लागले, पाड्यांत आणि सोसायट्यांत बसून बोलले, पोलिसांना शिकवलं की बिबट्या दिसला तर आधी गर्दी हटवायची, आणि पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'नरभक्षकाची दहशत' अशी हेडलाइन छापायची की 'संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नका' हे छापायचं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

२०१५ च्या मोजणीत तिथं ३५ बिबटे मिळाले, सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या जंगलात आणि चारी बाजूंनी मुंबई-ठाणे. हल्ले पूर्ण थांबले असं म्हणणार नाही, आरे कॉलनीत २०२१ ला झालेच, पण त्या दोन-तीन वर्षांसारखी परिस्थिती परत आली नाही. तिथल्या बिबट्यांवर २०१८ मध्ये एक निबंध आला होता, त्यात अंदाज काढलाय की हे बिबटे वर्षाला दीड हजार भटकी कुत्री खात असतील आणि त्यामुळं कुत्रं चावायच्या हजारेक घटना टळत असतील. अंदाजच आहे तो, पण असा विचार मी कधी केला नव्हता.

गोठाघर:
ताई पार्कात जंगल तरी आहे, आमच्याकडं ऊस तुटला की बिबट्याला लपायला जागाच नाही आणि आम्हाला पण नाही. तरी धरून दुसरीकडं नेऊन सोडायचं नाही हे आता पटतंय, कोणीतरी चाळीस किलोमीटरवरचा आमच्याकडं पण सोडत असणार की. मग नसबंदीचं काय, ती तर करायला हरकत नाही ना?

रानडॉक्टर:
मी जनावरांचा डॉक्टर, बिबट्याच्या पिलांचं काम बरंच केलंय. नसबंदीबद्दल माझं मत असं की प्रयोग म्हणून थोड्या माद्यांवर करून बघावा, पण त्याचा गुण दिसायला वर्षं लागणार आणि आज रात्री दारं धरायला जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मोकळ्या मादीला धरणं, भूल देणं, ऑपरेशन, जखम भरेपर्यंत ठेवणं आणि परत त्याच जागी सोडणं, हे कुत्र्यासारखं सोपं नाही. आणि 'त्याच जागी सोडणं' याला गाव तयार होणार का, खरा प्रश्न तिथं आहे.

त्यापेक्षा पिलांचं सांगतो कारण ऊसतोडणी चालू आहे. फड तुटत तुटत आत जातो आणि मधल्या पट्ट्यात पिलं सापडतात, दोन किंवा तीन, मांजराएवढी, कधी डोळे पण उघडलेले नसतात. पहिली चूक होते ती फोटो काढायला उचलून घेण्याची, दुसरी घरी नेऊन दूध पाजण्याची. मादी जवळपासच असते. पिलं गेली की ती दोन-तीन रात्री त्याच शिवारात हुडकत फिरते आणि त्या दिवसांत ती सगळ्यात धोकादायक असते.

आम्ही काय करतो तर पिलं तपासतो, गोचिड काढतो, पाणी कमी पडलं असेल तर ते देतो, आणि अंधार पडायच्या आत जिथं सापडली अगदी त्याच सरीत उघड्या क्रेटमध्ये ठेवतो. कॅमेरा लावतो आणि गावाला हात जोडून सांगतो की आज रात्री इकडं कोणी फिरकू नका. एकदा मी लांब गाडीत बसून स्क्रीनवर बघत होतो. रात्री आठच्या सुमारास मादी आली, थेट क्रेटपाशी गेली नाही, लांबून गोल फिरली, खाली बसली, परत फिरली. मग कड पंजाने वाकवली, एक पिलू मानेला धरून उचललं आणि गेली. वीस-बावीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी आली. ते नेल्यावर परत तिसऱ्यांदा आली, रिकाम्या क्रेटमध्ये तोंड घालून बघितलं, काही राहिलं नाही ना याची खात्री केल्यासारखं. गाडीत आम्ही चौघं होतो, कोणी काही बोललं नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले डॉक्टर आणि वनखात्याचे लोक हे काम कित्येक वर्षं करतायत आणि बहुतेक वेळा आई पिलं घेऊन जाते. पिलं दिसली की तोड थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा, एवढं जरी ध्यानात राहिलं तरी पुष्कळ.

मेंढवाडा:
आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. आम्ही मेंढरं घेऊन फिरतो, आमचा वाडा उघड्यावर, आज या रानात उद्या त्या. बिबट्या आम्हाला नवीन नाही. वाघर म्हणजे जाळं लावून मेंढरं आत, कोकरं डालग्यात म्हणजे टोपलीखाली, चार बाजूला चार कुत्री, त्यांच्या गळ्यात खिळ्याचा पट्टा, आणि रात्री कोणीतरी एक जागं. एवढं करून एखादं जातं. जातं ते जातं, त्याचंही पोट आहे असं आमचा म्हातारा म्हणायचा. पण आता नुकसानभरपाईला पंचनामा लागतो, मढं जागेवर ठेवा म्हणतात, साहेब येईपर्यंत दोन दिवस गेले तर आम्ही पुढच्या गावाला गेलेलो असतो. मागं एक अभ्यासाची टीम आली होती, चार दिवस आमच्याबरोबर राहिली, सगळं विचारलं लिहून घेतलं, जाताना म्हणाले रिपोर्ट पाठवू. अजून यायचाय. किती वर्षं झाली ती मोजली नाहीत.

कुकडीकाठ:
मामा, तुमची शेवटची ओळ वाचून पोटात कालवलं. मला नेमकं हेच म्हणायचं होतं आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट म्हणालात. अभ्यास चुकीचा नाही, अभ्यास करणाऱ्यांनी रात्री-अपरात्री कष्ट घेतलेत, आणि काही जण येऊन सांगतातही. पण ज्याच्या बांधावर कॅमेरा लावला, ज्याच्या मेंढराचे केस मोजले, त्याला त्याच्या भाषेत परत येऊन सांगणं हा अभ्यासाचाच भाग धरला पाहिजे. निबंध छापला की झालं असं नाही. माहिती आमच्याकडनं गेली, ती आमच्याकडं परत आली पाहिजे, तेव्हा तिचा उपयोग.

वाघबारस:
मी पालघरकडची. आमच्या वारली लोकांत वाघोबा देव आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पूजा. त्यावर पण अभ्यास झालाय, रम्या नायर आणि त्यांच्या सोबतच्या लोकांचा, २०२१ ला आला. मुंबई उपनगर, पालघर, ठाणे मिळून वाघोबाची दीडशे ठाणी, म्हणजे देवस्थानं, त्यांनी नोंदवली. त्यात बिबट्याला पण वाघच म्हणतात असं लिहिलंय आणि ते खरंय, माझी आजी बिबट्या शब्द कधी वापरत नव्हती. आता कोणी याचा अर्थ असा काढू नका की देव मानला म्हणून नुकसान सोसावं. तसं अभ्यासात पण म्हटलेलं नाही. देवाशी करार असतो, आम्ही तुला मान देतो तू आमच्या गुरांना सांभाळ. जनावर गेलं तर आम्हालाही दुःख होतं, भरपाई आम्हालाही पाहिजे. पण तो इथलाच आहे, बाहेरचा नाही, हे आमच्यात कोणाला पटवून द्यावं लागत नाही, एवढंच.

घाटमाथा:
वालपराईचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तमिळनाडूत चहाच्या मळ्यांत हत्ती आणि माणसं एकत्र राहतात, तिथं आनंद कुमार हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं की बहुतेक मृत्यू हत्ती समोर आहे हे माहीतच नसल्यामुळं झालेत, संध्याकाळी बसमधून उतरून घराकडं चालत जाताना वगैरे. मग हत्ती कुठं आहेत त्याचे एसएमएस, केबल टीव्हीवर खाली पट्टी, आणि चौकाचौकात लाल दिवे जे गावकरीच मोबाइलवरून लावतात. मृत्यू खूप कमी झाले. आपल्याकडं बिबट्याला हे जसंच्या तसं जमणार नाही, तो हत्तीसारखा दिसत नाही, पण धोका नेमका कुठल्या वेळेला आणि काय करताना होतो ते आधी शोधायचं ही पद्धत तर घेता येईल.

कुकडीकाठ:
बरोबर, आणि आपल्याकडं ती वेळ कोणती हे सगळ्यांना माहितीय. रात्रीचं पाणी. पाच बिबट्यांना कॉलर घालून केलेल्या अभ्यासात पण दिसलं की दिवसा ते वस्तीपासून लांब दडून राहतात आणि रात्री आपण झोपलो की घरांजवळून फिरतात, म्हणजे त्यांनी वेळ वाटून घेतलीय. आणि आपण नेमके त्यांच्या वेळेत बॅटरी घेऊन वाकून सरीत उभे. दिवसा मोटरीला थ्री फेज वीज द्या, ही मागणी विजेची म्हणून आपण करतोच, ती बिबट्याची म्हणूनही केली पाहिजे. ज्यांच्याकडं सोलरच्या फिडरवर दिवसा लाइट सुरू झाली त्यांनी इथं अनुभव लिहा.

गोठाघर:
आमच्याकडं सुरू झालीय, पावसाळ्यानंतर. रात्रीचं जाणं बंद. बाकीचं नंतर बोलू पण याच्यासाठी मी कुठल्याही निवेदनावर सही करतो. आणि गोठ्याला जाळी मारली, वरून पण, कारण कालवड गेली तेव्हा तो पत्र्याच्या फटीतून उतरला होता. शेळ्या अजून तरी शाबूत आहेत.

ठाणेकरीण:
वरून पण जाळी हे मुद्दाम लिहून ठेवा, बरेच लोक चारी बाजू बंद करतात आणि छत विसरतात.

कुकडीकाठ:
धागा काढून तीन आठवडे झाले म्हणून काय काय केलं ते लिहितो. पुतणीने सगळ्याचा मिळून दोन पानांचा मराठी मजकूर केला. तो ग्रामसभेत वाचला, आणि मग ती म्हणाली की आपल्या गावात सगळ्यात जास्त धोका कोणाला ते आपण विसरलोच. तोडणीची टोळी आलीय, बारा-तेरा कोप्या, पाचटाच्या, दार म्हणजे एक साडी. माणसं पहाटे चारला फडात, लेकरं कोपीत झोपलेली. म्हणून संध्याकाळी तिकडं गेलो, मुकादमाला बोलावलं, सगळे शेकोटीभोवती बसले, पुतणीने वाचलं. पिलं दिसली तर हात लावू नका, शौचाला एकट्याने जाऊ नका, बसताना आसपास बॅटरी मारा, उरलेलं अन्न कोप्यांजवळ टाकू नका, पोरांना बिनमाणसाचं ठेवू नका.

सगळं ऐकून घेतल्यावर एक बाई म्हणाली, "ताई, समदं खरं. पर आमी दोगं बी फडात जातो, मग पोरास्नी कुठं ठिवू?"

पुतणीच्या पानांत याचं उत्तर नव्हतं, माझ्याकडं पण नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाईंशी बोललो, सरपंचांशी बोललो. सध्या असं ठरलंय की समाजमंदिराचा हॉल पहाटे चार ते आठ उघडा ठेवायचा, टोळीतल्या दोन म्हाताऱ्या बायका तिथं बसतात, त्यांना ग्रामपंचायत हजेरी देणार. काल सोळा लेकरं होती, आज एकोणीस. गोधड्या कमी पडतायत, आसपासच्या कोणाकडं जादा असतील तर मला मेसेज करा.